टाच दुखते म्हणून मुलीचा खेळ सोडवू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या. आता थोड्याच दिवसांत तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धांचं वेळापत्रक येईल, चौदा वर्षांखालच्या मुलींचे खो-खोचे संघ ठरतील. यादी लागेल आणि दरवर्षीप्रमाणे यादीतली एखाद-दुसरी पोर ऐन वेळी गळेल. चौकशी केली की घरून निरोप येतो, "बाई, तिची टाच दुखतेय. डॉक्टरांनी खेळ बंद सांगितलाय." नोकरीत होते तेव्हा हा निरोप शाळेत यायचा. आता निवृत्तीनंतर मंडळाच्या मैदानावर मुलींना शिकवते, तर तिथेही येतो. टाच बरी होते. मुलगी मात्र मैदानावर परत येत नाही. म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. पण खेळणाऱ्या पोरींच्या टाचा आयुष्यभर बघत आले आणि घरात सून फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला ताटाशेजारी कुणाचा तरी एक्स-रे असतोच. शिवाय यातलं बरंचसं समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

साधारण नऊ ते पंधरा या वयात, पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांना टाचेच्या मागच्या बाजूला दुखू लागतं. मुलींना जरा आधी, पाचवी-सहावीत, मुलांना सातवी-आठवीत. खेळताना दुखतं, खेळ झाल्यावर जास्त दुखतं, बसलं की थांबतं. पोर टाच टेकवत नाही, चवड्यावर चालत घरी जाते. पुष्कळदा दोन्ही टाचा दुखतात. अस्थिरोगतज्ज्ञ याला सिव्हर्स डिसीज म्हणतात. बोस्टनच्या डॉ. जेम्स सिव्हर यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. म्हणजे हे दुखणं काही मोबाइलमुळे किंवा आजकालच्या खाण्यामुळे आलेलं नाही, शंभर वर्षांपूर्वीची पोरंही अशीच लंगडत होती.

होतं काय, तर टाचेचं हाड या वयात अखंड नसतं. त्याचा मागचा भाग वेगळा तयार होतो आणि मूळ हाडाला कूर्चेच्या मऊ थराने जोडलेला असतो. बांधकामात वीट बसवली आहे पण सिमेंट अजून ओलं आहे, अशी स्थिती. पोटरीचे स्नायू घोट्यामागच्या जाड शिरेतून नेमके याच भागाला येऊन चिकटतात आणि प्रत्येक उडीला, प्रत्येक धावेला त्याला वर खेचतात. त्यात उंची झपाट्याने वाढायचा काळ. हाड लांब होतं, स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, मग पोटरी ताणलेलीच राहते. ओढ कायमची, वर जमिनीचे तडाखे. तो मऊ थर दुखावतो. पंधराव्या वर्षाच्या आसपास तो भाग मूळ हाडाशी पक्का जुळला की हे दुखणं संपतं. मागे काही ठेवत नाही, पाय अधू होत नाही. आई-बापांना हे एवढं जरी कुणी नीट बसवून सांगितलं तरी अर्धी भीती जाईल.

आमच्या खो-खोत या टाचेची परीक्षा जरा जास्तच होते. आक्रमण करणारी मुलगी पाटीवर उकिडवी बसलेली असते, घोटा पूर्ण मुडपलेला, पोटरी ताणलेली. खो मिळाला की त्याच अवस्थेतून झटक्यात उठून पहिल्या पावलालाच पूर्ण वेग घ्यायचा. खांबाला वळसा घालताना सगळं वजन एका पायावर. संरक्षण करताना हुलकावणी द्यायची म्हणजे थांब-पळ, थांब-पळ. आणि हे सगळं अनवाणी. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, तिथे पायात बूट असतात. पण गावातली पोर सराव करते ती मातीवर. एप्रिल-मेमध्ये आमच्या तासगाव भागात मैदानाला पाणी मारायला टँकरवाला नाही म्हणतो, कारण टँकर द्राक्षबागांकडे वळलेले असतात. तेव्हा मुरूम घातलेलं मैदान आणि डांबरी रस्ता यात पायाला फारसा फरक कळत नाही.

आणि नेमक्या त्याच महिन्यांत उन्हाळी शिबिरं. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सात, जाहिरातीत "दोन सत्रं रोज" असं मोठ्या अक्षरात. परीक्षेच्या महिन्यात पोर घरी बसून असते, शिबिराच्या पहिल्या दिवसापासून चार तास पळायला लागते. टाच दुखायला आणखी काय हवं? जूनमध्ये शाळा सुरू होते, शाळेच्या संघाचा सराव वेगळा, मंडळाच्या किशोरी गटाचा वेगळा, क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीची तयारी वेगळी. प्रत्येक शिक्षकाला वाटतं, मी पोरीकडून एवढंसंच तर करून घेतोय. बेरीज कुणीच करत नाही. त्यातून थोरला भाऊ पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करत असला तर पहाटे धाकटीलाही बरोबर घेऊन डांबरी रस्त्यावर पळतो. आणि कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला की "भव्य मॅरेथॉन" असतेच. तीन किलोमीटरच्या शर्यतीला मॅरेथॉन म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती टी-शर्ट आणि ढालीसाठी सहावीच्या पोरीला आठवड्याच्या एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी पळवण्याला.

मग टाच दुखायला लागते आणि घरगुती उपाय सुरू होतात. रुईचं पान गरम विटेवर ठेवून त्यावर टाच शेकणं, हे त्यातलं सौम्य. त्याने फार बिघडत नाही, थोडं बरंही वाटत असेल. पण बिब्बा! टाचेला कुरूप झालंय असं समजून आजी बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेवर घालते. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, फोड फुटले की अनवाणी पायाला माती लागून पू होतो. साध्या दुखण्याचं जखमेत रूपांतर होऊन आलेल्या टाचा मी पाहिल्या आहेत. कृपा करून पोरांच्या टाचेला बिब्बा लावू नका. दुसरा गैरसमज, "टाचेचं हाड वाढलंय, आमच्या वन्संनाही आहे." वन्संचं दुखणं वेगळं असतं. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना तळव्याच्या बाजूने कळ येते, चार पावलं चाललं की कमी होते, ते मोठ्या माणसांचं दुखणं. पोरांचं दुखतं टाचेच्या मागे आणि दोन्ही कडांना, आणि तेही खेळ झाल्यावर. तिसरा, "हाडं कच्ची आहेत, कॅल्शियम कमी पडलंय." मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणतात. दूध-भाकरी, नाचणी, भाजी पोरीला मिळालीच पाहिजे, पण ही टाच कॅल्शियम कमी पडल्याने दुखत नाही आणि गोळ्यांनी थांबतही नाही.

ओळखायची एक सोपी युक्ती आहे, ती कुठल्याही शिक्षकाला जमेल. पोरीला बाकावर पालथं झोपवायचं, पाय बाकाबाहेर. आधी उजेडात तळवा नीट बघायचा, कारण अनवाणी पोरांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिलेला असणं हे आमच्या भागात सिव्हरसाहेबांच्या दुखण्याइतकंच नेहमीचं आहे. काटा नाही, काच नाही, फोड नाही, अशी खात्री झाली की टाचेचा मागचा भाग दोन्ही कडांनी तळहातांमध्ये धरून दाबायचा, चिमटीत नव्हे, पूर्ण तळहाताने. हे दुखणं असेल तर पोर "आई गं" करून पाय ओढून घेते. मग तिला उभं करून टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसायला सांगायचं. पोटरी आखडलेली असेल तर टाचा उचलल्या जातात किंवा ती मागे कलंडते. आमच्या लहानपणी टाचा टेकवून न बसता येणारं पोर शोधूनही सापडलं नसतं. आता घरोघरी कमोड आणि शाळेत बाक, त्यामुळे खो-खोच्या सरावाला आलेल्या मुलींनासुद्धा हे बसणं जमत नाही.

आता ज्या मुलीमुळे हे पत्र लिहायचं मनात पक्कं झालं तिच्याबद्दल. सहावीतली पोर, आई-वडील दोघंही द्राक्षबागेत मजुरीला. संरक्षणात चपळ. मे महिन्याच्या शिबिरानंतर चवड्यावर चालायला लागली. वडिलांनी जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला, टाचेच्या मागे हाडाचा वेगळा तुकडा दिसला, "हाडाला तडा आहे" असं सांगून गुडघ्याखाली प्लास्टर घातलं. वर "सहा महिने खेळ बंद". ऐन कामाच्या दिवसांतली रोजंदारी बुडाली, एक्स-रे, प्लास्टर, औषधं, सगळा खर्च झाला तो निराळाच. प्लास्टर काढल्यावर पोटरी बारीक झालेली, घोटा आखडलेला, आणि पळायला लागली तर टाच पुन्हा दुखली. तेव्हा वडील एक्स-रेची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. सुनेने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि तिला दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी एकच केलं, दुसऱ्या, न दुखणाऱ्या पायाचा एक्स-रे काढला. त्यातही तसाच तुकडा, त्याच जागी. वडिलांच्या हातात दोन्ही फिल्म देऊन म्हणाले, "हा तडा नाही, पाटील. या वयात प्रत्येक पोराच्या टाचेत असंच दिसतं." काही मुलांत तो तुकडा आणखी दोन-तीन ठिकाणी खंडित दिसतो, पांढरट दिसतो, तरी त्यांना काही दुखत नसतं. या दुखण्यात एक्स-रे काढायचा तो दुसरं काही नाही ना, हे बघायला. दुखण्याचं निदान होतं ते हातांनी टाच दाबून आणि पोरीशी बोलून.

दुखणं फारच असेल, पाय टेकवताच येत नसेल, तर डॉक्टर काही आठवडे प्लास्टर किंवा आधाराचा बूट देतात, तो अधिकार त्यांचा, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं "सहा महिने खेळ बंद" याबद्दल आहे.

मुलाला डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला तर तो महिन्याभरात चोरून क्रिकेट खेळायला लागतो आणि घरचे कानाडोळा करतात. मुलीच्या बाबतीत तसं होत नाही. हे दुखणं मुलीला येतं दहा ते बाराच्या वयात. नेमकं तेव्हाच घरात कुजबुज सुरू झालेली असते: आता मोठी होतेय, संध्याकाळी उशिरा येते, चड्डी घालून खेळते, काकांनी बघितलं. घरात तिचा खेळ बंद करायला कारण हवंच असतं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या रूपाने आयतं मिळतं. सहा महिन्यांनी ती सातवीत असते, तिला स्वयंपाकघरात चार कामं लागलेली असतात, मैदानावर तिची जागा दुसरीने घेतलेली असते. त्यानंतर "आता टाच बरी आहे, पाठवा" म्हणून कितीही चकरा मारा, आई दारातूनच चहा विचारते आणि विषय बदलते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. त्यानंतर आमच्या मैदानावर मुली वाढल्या, आई-बाप स्वतःहून सोडायला येऊ लागले. एवढ्या कष्टाने आलेल्या या पोरी आपोआप बऱ्या होणाऱ्या टाचेपायी जाऊ देणं मला पटत नाही.

म्हणून डॉक्टरमंडळींना हात जोडून विनंती: चिठ्ठीवर नुसतं "खेळ बंद" लिहू नका. काय बंद, किती दिवस आणि परत दाखवायला कधी यायचं, तेही लिहा. "उड्या आणि पळणं तीन आठवडे कमी, बाकी सरावाला जाऊ दे" एवढी ओळ जास्तीची लिहिली तर ती पोर मैदानावर टिकते.

आमच्या मैदानावर आम्ही काय करतो तेही सांगते, इतरांना उपयोगी पडेल म्हणून. दुखायला लागलं की आठवड्यातली सत्रं निम्मी. शाळेच्या शिक्षकांना फोन करून सांगायचं की ही मुलगी सध्या एकाच ठिकाणी सराव करेल, तुमच्याकडे किंवा आमच्याकडे. हा फोन करायला पुष्कळांना कमीपणा वाटतो. लंगडत असेल त्या दिवशी पळायचं नाही, मग सामना कुठलाही असो. लंगडत नसेल, खेळताना थोडं दुखलं पण दुसऱ्या दिवशी सकाळी चालताना काही जाणवलं नाही, तर तेवढा खेळ तिला चालतो. सकाळी दुखलं तर कालचा जास्त झाला, आज कमी. हे मोजमाप पोरी स्वतःच शिकतात आणि खरं सांगतात. अट एकच, खरं सांगितल्यावर संघातून काढायचं नाही. एकदा काढलं की पुढची प्रत्येक मुलगी दुखणं लपवते.

न पळणारी मुलगी घरी बसवायची नाही, मैदानावरच ठेवायची. पाटीवर उकिडवं बसणं आणि झटक्यात उठणं तिच्यासाठी बंद. त्याऐवजी पोटाचे, पाठीचे, दंडाचे व्यायाम, ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांनी सायकल. आणि गुणलेखकाच्या खुर्चीवर बसवून सराव सामन्याचं गुणपत्रक भरायला लावायचं. वर सांगितलेली सहावीतली मुलगी असं गुणपत्रक भरता भरता एक दिवस म्हणाली, "बाई, त्यांची तीन नंबरची खांबाजवळ नेहमी डावीकडेच वळते." ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पुढच्या सामन्यात ती तीन नंबरची पहिल्या मिनिटात टिपली गेली.

बर्फ हवा असतो, मैदानावर फ्रीज नसतो. समोरच्या दुकानातून पेप्सीकांड्या आणायच्या, ओल्या नॅपकिनात गुंडाळून टाचेला मागून बांधायच्या, दहा-पंधरा मिनिटं. कातडीला थेट लावायच्या नाहीत. नंतर त्या कांड्या कोण खाणार यावरून भांडणं होतात, तो भाग वेगळा.

पोटरीचा ताण रोज, पण सावकाश. भिंतीला हात टेकवून एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, तीसपर्यंत आकडे मोजायचे. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा. हिसके द्यायचे नाहीत. जोर लावून पोटरी ताणली तर ती त्याच दुखऱ्या जागेला ओढते. दुखणं उतरल्यावर चवड्यावर उभं राहून हळूहळू खाली येण्याचा व्यायाम, म्हणजे पोटरीत ताकद येते.

आणि पायात काहीतरी घालणं. पुस्तकातला पहिला उपाय म्हणजे बुटात टाचेखाली मऊ तुकडा घालून टाच जरा उंच करणं, म्हणजे पोटरीची ओढ कमी होते. आमच्या अनवाणी पोरी हा तुकडा कुठे घालणार, हा प्रश्न पुस्तकात नसतो. तेव्हा दुखण्याच्या काळात सराव बूट घालूनच, आणि शाळेत, रस्त्यावर, घरातल्या फरशीवरही पायात काहीतरी. पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ पत्र्याइतका पातळ, तो नुसता घालून उपयोग नाही. बाजारात हजारो रुपयांचे खास इनसोल मिळतात आणि हल्ली ते लिहून देण्याचीही साथ आहे. नेदरलँड्समध्ये या दुखण्याच्या शंभरएक मुलांचे तीन गट करून अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त वाट बघायला सांगितलं, दुसऱ्याला टाच उंचावणारा तुकडा दिला, तिसऱ्याला फिजिओथेरपी. सहा आठवड्यांना तुकडा घातलेली मुलं थोडी पुढे होती, तीन महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. सुनेने हे सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, मग तुझा धंदा बुडाला. ती म्हणाली, "आई, माझं अर्धं काम आई-बापांचा धीर सुटू न देण्याचंच आहे." तात्पर्य, मजुराच्या घरी इनसोलसाठी कर्ज काढायची गरज नाही.

सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन पोरीला उतरवणारे प्रशिक्षक आहेत, त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. गोळीने टाच दुखायची थांबते, ओढ थांबत नाही. पोर बेफाम पळते आणि संध्याकाळी जिना चढता येत नाही. टाचेत इंजेक्शन मारून घेण्याचा सल्लाही कुणी दिला तर मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ऐकू नये. वाढीच्या हाडाजवळ स्टिरॉइड टोचणं या दुखण्यात केलं जात नाही.

तरी प्रत्येक टाच हीच समजूनही चालत नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, टाच लाल-गरम होऊन सुजणं, सकाळी उठल्यावर बराच वेळ आखडलेले सांधे, उंचावरून उडी मारल्यावर किंवा पडल्यावर पाय टेकवताच न येणं, किंवा खेळ थांबवून काही आठवडे झाले तरी एकाच पायाचं दुखणं तसंच राहणं, यातलं काहीही असेल तर मैदानावरचे वैद्य बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जावं. संधिवात, जंतुसंसर्ग, हाडातली गाठ, खरोखरचा तडा ही दुखणी क्वचित, पण असतात.

क्रीडा कार्यालयाला माझी सूचना आहे. शाळांकडून प्रवेशिका मागवताना खेळाडूची जन्मतारीख, आधार क्रमांक, फोटो, सगळं घेता. तसंच शाळांना सांगा की चौदा वर्षांखालच्या खेळाडूंची उंची दर महिन्याला मोजून वहीत लिहावी. वर्गाच्या भिंतीवर पट्टी रंगवायला रंगाचा एक डबा पुरतो. ज्या दोन-तीन महिन्यांत उंची भराभर वाढताना दिसेल त्या काळात त्या मुलीचा सराव हलका ठेवायचा, टाच दुखायची वाट न बघता. आणि उन्हाळी शिबिरांना परवानगी देताना पहिल्या आठवड्यात एकच सत्र अशी अट घाला. मैदानाला पाणी मारायचा खर्च शिबिराच्या फीमधून काढायला लावा. फी घेताना आयोजकांचे हात आखडत नाहीत.

ती सहावीतली मुलगी आता सातवीत आहे. टाच अजून अधूनमधून दुखते, उंची वाढतेच आहे. यंदाच्या तालुका स्पर्धेच्या संघात तिचं नाव असेल, पण सलग दोन सामने तिला खेळवायचे नाहीत असं शाळेच्या शिक्षकांशी ठरलंय. वडिलांना हे पटवायला वेळ लागला नाही. आजीला अजून वाटतं की बिब्ब्यानेच गेलं असतं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
तासगाव, जि. सांगली

ता. क. : टाचेखालचा तुकडा जुन्या जाड रबरी स्लिपरचा कापून घेता येतो. साधारण एक सेंटिमीटर जाडीचा, पुढच्या बाजूला निमुळता तासलेला, म्हणजे पायाला कड लागत नाही. चपला दुरुस्त करणारे काका दहा मिनिटांत करून देतात. एकच टाच दुखत असली तरी तुकडा दोन्ही बुटांत घालावा, नाहीतर पोर एका बाजूला कलून चालते. आणि बूट विकत घेताना मागचा कप अंगठ्याने दाबून बघावा. सहज चेपला तर तो बूट घेऊ नये.